गोठ्यातलं आजारपण आणि घरातला ताप: दोन्हीकडे एकत्र कसं बघायचं

बऱ्याच घरांत असं होतं बघा. गोठ्यात गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते म्हणजे तिचा गर्भ पडतो, ढोराचा डॉक्टर येतो, वार काढतो, दोन इंजेक्शनं देऊन जातो, विषय संपतो. मग महिना-दीड महिन्यानं घरातल्या कर्त्या माणसाला ताप सुरू होतो. संध्याकाळी चढतो, पहाटे घामानं गंजी ओली होते आणि उतरतो, कंबर धरते, सांधे धरतात. विडाल म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी होते, टायफॉईड म्हणून सलाईनी लागतात, आठवडा बरा जातो आणि परत तेच चालू. आता माणसांच्या डॉक्टरला गाय गाभडल्याचं कुणी सांगितलेलं नसतं आणि जनावरांच्या डॉक्टरला घरातल्या तापाचं कुणी सांगितलेलं नसतं. आजार एकच, ब्रुसेलोसिस, जंतू एकच, पण केस पेपर दोन आणि ते एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

मी जनावरांची डॉक्टर आहे. गोठ्यावर गेले की गाय बघायच्या आधी विचारते, घरात कुणाला ताप आहे का, कुणाला दिवस गेलेत का, लहान मूल आहे का. लोकांना वाटतं सहज चौकशी चाललीय, पण तो तपासणीचाच भाग आहे. त्याच्या उलटं तुमच्याकडून व्हायला पाहिजे, म्हणजे दवाखान्यात गेलात की डॉक्टरनी विचारायची वाट न बघता स्वतःहून गोठ्याबद्दल सांगायचं. हे कसं करायचं आणि कुठल्या वेळी नेमकं काय करायचं ते खाली क्रमानं लिहितेय. ज्यांच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या, कुत्रा यातलं काहीही आहे त्यांनी सगळं वाचा, बाकीच्यांनी दूध, कुत्रा आणि पावसाळा हे तीन भाग तरी वाचाच.

१. एक वही करा, दोन नाही

शंभर पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर जनावरं, उजव्या पानावर घरातली माणसं. डावीकडे कानातल्या बिल्ल्याचा नंबर (१२ आकडी असतो, तो पूर्ण लिहा), कधी भरवली, कधी व्यायली, गाभडली असेल तर कितव्या महिन्यात, कुठली लस कधी टोचली, कुठलं औषध कधी दिलं. उजवीकडे कुणाला ताप कधी आला, किती दिवस राहिला, कुणाला कुत्रं-मांजर चावलं, रेबीजची लस पूर्वी झालीय का, गोठ्यात काम कोण करतं, धार कोण काढतं. एकाच पानावर समोरासमोर तारखा आल्या की बऱ्याचदा गोष्ट तुम्हालाच दिसते, डॉक्टरला दाखवायच्या आधी.

औषधाच्या बाटलीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवायची सवय लावा, लेबल वाचता येईल असा. "लाल झाकणाचं इंजेक्शन दिलं होतं" यावरून कुणालाच काही कळत नाही.

२. जनावरांचा कुठला आजार माणसाला लागतो आणि कुठला लागत नाही

हे आधी सांगते कारण भीती चुकीच्या ठिकाणी फार आहे. २०२२ ला लंपी आला तेव्हा लोकांनी दूध घेणं बंद केलं, पण लंपी माणसाला होत नाही. लाळ्या खुरकूतची माणसानं काळजी करायचं कारण नाही, जनावरांच्या घटसर्पाची आणि फऱ्याचीही नाही. ते जनावराला मारतात म्हणून लस टोचायचीच, पण ते तुम्हाला लागतील म्हणून घाबरायला नको.

खरी काळजी करायची ते हे: पिसाळणं म्हणजे रेबीज, सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस, लेप्टो, टीबी, फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, गोचिडांमुळे येणारे ताप, आणि कुत्र्याच्या पोटातल्या जंतांमुळे होणारी गाठ. शिवाय वासराच्या तोंडावर डोळ्याभोवती पांढुरके गोल खवले येतात ना, तो नायटा, तो लहान पोरांना हमखास लागतो कारण पोरं वासराच्या गळ्यात पडतात. आणि म्हशीच्या सडावर फोड आले आणि आठवड्याभरात धार काढणाऱ्याच्या बोटांवर तसेच फोड आले तर ते म्हशीच्या देवीचे असू शकतात. गाईच्या अशाच देवीचा संसर्ग झालेल्या गवळणींना माणसांची देवी होत नाही हे लक्षात घेऊन एडवर्ड जेन्नरनं १७९६ साली लस टोचून बघितली आणि तिथून लसीकरण सुरू झालं. म्हणजे गोठ्यानं माणसाला आजार दिले तसे उपायही दिलेत. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आजही घोड्याच्या रक्तातून तयार होतं.

उलट दिशेनंही जातं हे विसरू नका. घरात टीबीचा पेशंट असेल आणि त्याला खोकला चालू असेल तर त्यानं धार काढायला, वासरं पाजायला जाऊ नये, उपचार सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोरोना झाला होता, त्यांच्याकडे तो माणसांकडूनच गेला असणार असं मानलं गेलं.

३. दूध

नियम एकच, उकळी फुटू द्या आणि वर आलेलं दूध ढवळून दोन-तीन मिनिटं उकळत ठेवा. डेअरीत पाश्चरायझेशनला ७२ डिग्रीवर १५ सेकंद पुरतात, ब्रुसेला आणि टीबीचे जंतू तेवढ्यातच मरतात, तुमची उकळी त्याच्या कितीतरी पुढं आहे. त्यामुळे उकळलेल्या दुधाबद्दल मनात शंका ठेवू नका.

अडचण येते ती जिथं आपण उकळत नाही तिथं. धारोष्ण दूध पैलवानकीसाठी चांगलं म्हणून पिणारे अजून आहेत. पंचामृतात कच्चं दूध घालतात, तिथं उकळून गार केलेलं घाला, देवाला चालतं. आणि सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शेळीच्या दुधाची. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून शेळीचं दूध शोधत लोक वाड्या-वस्त्यांवर फिरतात, वाटेल तो भाव देतात आणि "उकळलं तर गुण जातो" म्हणून कच्चंच पाजतात, तेही आधीच तापानं खंगलेल्या माणसाला. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेला गाईच्यापेक्षा माणसाला जास्त त्रास देतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच ताप यायचा, डेव्हिड ब्रूसनं १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, तेव्हा झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला. शेळीचं दूध कच्चं पिऊन ताप येत होता. आपण सव्वाशे वर्षांनी तेच दूध ताप उतरवायला पाजतोय. प्यायचं तर प्या, पण उकळून.

खरवस व्यवस्थित वाफवला तर हरकत नाही, मध्यभागी सुरी घालून बघा, आतपर्यंत घट्ट झाला पाहिजे. गाभडलेल्या जनावराचं दूध किंवा चीक मात्र रिपोर्ट येईपर्यंत घरात घेऊ नका आणि डेअरीलाही घालू नका.

४. गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली तर

हा भाग सावकाश वाचा कारण सगळ्यात जास्त संसर्ग इथं होतो. वार, गर्भाभोवतीचं पाणी, मेलेलं वासरू यात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि नेमकं तेव्हाच घरातला माणूस उघड्या हातानं, अंगावरच्या त्याच कपड्यात, रात्री बॅटरीच्या उजेडात सगळं उरकत असतो. ब्रुसेला हाताच्या बारीकशा खरचटण्यातून जातो, डोळ्यात शिंतोडा उडाला तरी जातो, श्वासातूनही जातो.

पहिल्यांदा पोरांना आणि गरोदर बाईला घरात पाठवा. गरोदर बाईनं तिथं थांबायचंच नाही, लांबून बघायलाही नाही. कुत्रं बांधा. मग हातात ग्लोव्हज घाला, खांद्यापर्यंतचे लांब प्लास्टिकचे मिळतात ते गोठ्यात एक डझन आणून ठेवा, फार महाग नसतात. ऐनवेळी नसतीलच तर दोन्ही हातांना जाड प्लास्टिक पिशव्या मनगटाशी घट्ट बांधा. तोंडाला मास्क, डोळ्याला साधा गाडीवरचा गॉगल, पायात गमबूट.

वार अडकली असेल तर ओढू नका आणि हात घालून काढू नका. वजन बांधून लोंबकळत ठेवायची पद्धत आहे तीही नको, पिशवी फाटते, रक्तस्राव होतो. डॉक्टर येऊ द्या. आणि डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षक आले की तेही बऱ्याचदा घाईत असतात, तुम्हीच ग्लोव्हज पुढं करा, ब्रुसेला पशुवैद्यकांमध्ये फार दिसतो तो याच कामामुळे.

वार आणि मेलेलं वासरू उकिरड्यावर टाकू नका, ओढ्यात तर अजिबात नको. वार पोत्यात बांधून वडाच्या झाडाला टांगायची रीत आपल्याकडे बऱ्याच गावांत आहे. दूध वाढतं या श्रद्धेनं करतात ते, त्यामागची माया कळते, पण कावळे आणि कुत्री ती फोडतात, खाली ओढतात आणि शेजारच्या चार गोठ्यांपर्यंत पोचवतात. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, चार-पाच फूट खड्डा घ्या, खाली चुना, मग वार, वर परत चुना, माती दाबून वर काटे किंवा दगड. ज्या पेंढ्यावर पाणी सांडलं तो पेंढाही त्याच खड्ड्यात जाऊ द्या किंवा जाळा.

गोठ्याची जमीन धुताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आधी शेण-पेंढा खरवडून काढायचा, पाण्यानं धुवायचं आणि मग ब्लिचिंग पावडरचं पाणी मारायचं. शेणावर ब्लिचिंग ओतलं तर ते शेणातच खर्च होतं, जंतू तसेच राहतात. ब्लिचिंग आणि फिनेल एकत्र कालवू नका. ओलसर, सावलीच्या जागेत हे जंतू आठवडेच्या आठवडे टिकतात, उन्हात लवकर मरतात, म्हणून तो कोपरा जमेल तेवढा उघडा ठेवा, ऊन खेळू द्या.

गाभडलेलं जनावर वेगळं बांधा, पंधरा-वीस दिवस तरी, म्हणजे अंगावरून जाणं पूर्ण थांबेपर्यंत. पाणी-चाऱ्याची भांडी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. डॉक्टरना रक्त तपासायला सांगा. गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त कधीकधी निगेटिव्ह येतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचं, आणि नुसत्या एका गाईचं नाही तर गोठ्यातल्या सगळ्या मोठ्या जनावरांचं. पॉझिटिव्ह आलं तर काय, हा प्रश्न अवघड आहे हे मला माहितीय. जनावरात या आजारावर खात्रीचा उपचार नाही. अशी गाय बाजारात विकून मोकळं व्हायचा मोह होतो, कर्ज काढून घेतलेली असते, पण ती दुसऱ्याच्या दावणीला आजार घेऊन जाते, हे करू नका. वेगळी ठेवा, दूध उकळूनच वापरा, दुसऱ्या गोठ्यातला वळू लावू नका, आणि पुढच्या वेतालाही हेच सगळे नियम पाळा, कारण पुढं ती पूर्ण दिवसांची व्याली तरी जंतू बाहेर पडू शकतात.

आणि खरा उपाय आधीचा आहे. कालवडी, रेड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचायची. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या खुरकूतबरोबर ही लसही सरकारी दवाखान्यातून मोफत आहे. फक्त मादी वासरांना. नर, मोठी झालेली, गाभण असलेली जनावरं यांना नाही. वय उलटून गेलं की संधी गेली, म्हणून कालवड जन्मली त्या दिवशीच वहीत चार महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवा. ही लस जिवंत जंतूंची असते, टोचताना सुई माणसाला लागली किंवा डोळ्यात उडाली तर लगेच डॉक्टरकडे जायचं, सोबत बाटली घेऊन.

माणसांकडे परत येऊ. गाभडलेल्या जनावराला ज्यानं हात लावला त्याचं नाव वहीत लिहा आणि पुढचे सहा महिने त्याच्या तापाकडे लक्ष ठेवा. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर-सांधे, पुरुषांमध्ये अंडकोष सुजणं, विनाकारण थकवा, यातलं काही दिसलं तर डॉक्टरना थेट म्हणा, "गोठ्यात गाय गाभडली होती, ब्रुसेलाची टेस्ट करायची का?" विडालमध्ये ब्रुसेला कळत नाही. उपचार आहे आणि चांगला आहे, पण दोन औषधं एकत्र आणि साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. दहा दिवसांत ताप गेला म्हणून गोळ्या सोडल्या की आजार परत उलटतो, आणि मग मणक्यात जाऊन बसतो.

५. कुत्रं चावलं, किंवा गाय विचित्र वागायला लागली

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, हे जवळजवळ शंभर टक्के खरं आहे. आणि लक्षणांच्या आधी वेळेत, पूर्ण उपचार घेतला तर जवळजवळ हमखास वाचतो. इतका स्पष्ट फरक फार कमी आजारांत असतो, म्हणून इथं आळस नको.

चावल्याबरोबर नळाखाली, साध्या कपड्याच्या साबणानं, घड्याळ लावून १५ मिनिटं जखम धुवा. पंधरा मिनिटं खूप वाटतात, लहान मूल रडतं, आई घाबरते, दोन मिनिटांत धुणं थांबवून गाडी काढतात. थांबू नका. साबण विषाणूचं बाहेरचं आवरण मोडतो, हा उपचारच आहे. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालायची घाई नको.

मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस मिळते, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडात देतात ती ०, ३, ७, १४, २८ अशी असते. रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, किंवा कोल्ह्या-लांडग्यासारखं रानटी जनावर चावलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत आणि आजूबाजूला सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन टोचावं लागतं. ते प्रत्येक ठिकाणी नसतं, "सिरम आहे का, नसेल तर कुठं मिळेल" असं विचारून घ्या आणि तिथं जा. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच त्याचा उपयोग आहे. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस, सिरम नको, म्हणून जुना कागद वहीला पिन मारून ठेवा. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची असते ते बरोबर आहे, पण त्या दहा दिवसांसाठी आपली लस थांबवायची नसते.

आता गोठा. गाय एकाएकी चारा सोडते, तोंडातून लाळेच्या तारा लागतात, घसा बसल्यासारखं सारखं हंबरते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात बाटूक नाहीतर आंब्याची कोय अडकली, नाहीतर लाळ्या झाला. मग कुणीतरी जबडा धरतो आणि कुणीतरी कोपरापर्यंत हात आत घालतो. हे करू नका, कृपा करून करू नका. पिसाळलेली गाय अशीच दिसते. मागचे दोन-तीन महिने आठवून बघा, गोठ्यात कुत्रं शिरलं होतं का, कोल्हा दिसला होता का. जनावर लांबून बांधा, डॉक्टरना बोलवा, लाळेला ज्या ज्या हातांचा स्पर्श झाला त्या सगळ्यांनी धुवायचं आणि लसीसाठी जायचं. त्या गाईचं दूध बंद. आधी उकळून प्यायलं असेल तर घाबरू नका, कच्चं प्यायलं असेल तर डॉक्टरना सांगा. चावा बसलेल्या पण अजून चांगल्या असलेल्या जनावरालाही लस देता येते, माणसासारखेच पाच डोस, पण लगेच सुरू केली तर.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्याचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि मग दरवर्षी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या आठवड्यात ठिकठिकाणी मोफत शिबिरं होतात, तीच तारीख वर्षानुवर्षे पकडली तर विसरायला होत नाही. त्याच वेळी जंताची गोळीही द्या. मेंढरं कापली जातात तिथं कच्ची आतडी, यकृत कुत्र्यांना टाकतात, त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून आपल्या भाजीवर, पोरांच्या हातावर येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ होते, ती काढायला ऑपरेशन लागतं.

६. पावसाळा आणि लेप्टो

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, तेव्हा हा शब्द सगळ्यांना कळला. पण कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो गुडघाभर चिखलात उभा असलेल्या माणसाला दरवर्षी गाठतो. उंदीर, गाई-म्हशी, कुत्री, डुकरं यांच्या मुतातून जंतू पाण्यात येतो आणि भिजून मऊ पडलेल्या पायाच्या भेगांतून आत जातो.

गोठ्यात पेंड आणि भरडा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, उंदीर पोत्यामुळे येतात. मूत वाहून जाणारी नाली मोकळी ठेवा, ती पाणवठ्याला मिळत नाही ना बघा. पायाला जखम असेल तर पट्टी करून गमबूट घालूनच उतरा. पुराच्या पाण्यातून किंवा गोठ्याच्या साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणानं धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरना विचारा, कुणाला प्रतिबंधक गोळी द्यायची ते तेच ठरवतात, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती वेगळी असते. मनानं घेऊ नका. ताप, पोटऱ्यांमध्ये जबर दुखणं, डोळे लाल, लघवी कमी किंवा पिवळी, असं असेल तर रात्र काढू नका. त्याच काळात गोठ्यात गाय गाभडली किंवा वासराला कावीळ झाली असेल तर तेही सांगा.

७. गोचीड आणि मेलेलं माकड

गोचीड दूध कमी करतो एवढंच बहुतेकांना माहिती. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासानूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप यायला लागला, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आताच्या एनआयव्हीनं, तो विषाणू शोधला. तोच माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा पट्ट्यात दिसतोय, काजूच्या बागेत, रानात पाला गोळा करायला जाणाऱ्यांना. थंडी सुरू झाल्यापासून पावसापर्यंत जोर जास्त.

रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊ नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. ती सूचना असते, माणसांत साथ यायच्या आधीची. अंगभर कपडे, पँट मोज्यात खोचलेली, दवाखान्यातून मिळणारं अंगाला लावायचं औषध, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. रानात चरून आलेली जनावरं गोचीड घरापर्यंत आणतात, म्हणून त्यांच्यावर फवारणी बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटींतही, कारण अंडी तिथं असतात. जनावराचे गोचीड उघड्या बोटांनी काढून अंगठ्यानं चिरडायची सवय मोडा. स्वतःला चिकटला तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, रॉकेल आणि काडी नको.

विदर्भात २०१८ ला स्क्रब टायफसची साथ आली होती, हा ताप गवतातल्या गोचिडासारख्याच पण अगदी बारीक किड्याच्या चाव्यानं येतो. तिथं तापाबरोबर काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटनं भाजल्यासारखा काळा खपल्याचा डाग बघायचा. तो न दुखणारा असतो आणि झाकल्या जागी असतो, म्हणून सांगितल्याशिवाय दिसत नाही.

८. जनावर एकाएकी मेलं आणि नाका-गुदातून काळं रक्त आलं

फाशी म्हणजे अँथ्रॅक्स समजून चाला. कापू नका, कातडं काढू नका, शवविच्छेदनही करायचं नाही, कारण हवा लागली की जंतू कवच धरतो आणि त्या जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतो. डॉक्टरना फोन, तोपर्यंत कुत्री-कावळे लांब ठेवा. नंतर सहा फूट खोल खड्डा, भरपूर चुना. ज्यानं हात लावला त्याच्या हातावर न दुखणारा फोड येऊन मध्ये काळा पडला तर लगेच दवाखाना, वेळेत गेलं तर साध्या अँटिबायोटिकनं बरं होतं.

९. औषधं

तुमच्या गोळीतलं आणि गाईच्या इंजेक्शनातलं औषध बऱ्याचदा एकच असतं. पेनिसिलीन, टेट्रासायक्लीन, जेंटामायसीन दोघांनाही. म्हणून कास सुजली की स्वतःच दुकानातून ट्यूब आणून दोन दिवस घालायची आणि सोडून द्यायची, याचा परिणाम घरातल्या माणसाच्या जखमेपर्यंत येतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांना वजन वाढायला देत होते, सरकारनं २०१९ मध्ये प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली ती यासाठीच.

इंजेक्शन दिलं की दूध किती दिवस घालायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं, वहीत तारीख टाका. उकळून अँटिबायोटिक जात नाही. घरी दही लागेना झालं तर आधी ही तारीख बघा. पैसे बुडतात हे खरं आहे, म्हणून दगडी झालेल्या म्हणजे सुजलेल्या सडाचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीनंच आणि पूर्ण कोर्स, म्हणजे परत परत दूध ओतावं लागत नाही.

आणि दुखण्यावर गाईला माणसांचं डायक्लोफिनॅक देऊ नका. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची किडनी जाते. भारतातल्या काही जातींची गिधाडं ९५ टक्क्यांपेक्षा जास्त संपली, मग मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री पोसली जायला लागली, आणि पुढचं वर रेबीजमध्ये लिहिलंच आहे. २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनवरही आली. मेलॉक्सिकॅम चालतं, तेच मागा.

१०. दवाखान्यात गेल्यावर बोलायचं काय

डॉक्टरकडे गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात. म्हणून ही चार वाक्यं तयार ठेवा: घरात अमुक जनावरं आहेत आणि धार मी काढतो. मागच्या दोन महिन्यांत अमुक जनावर गाभडलं, किंवा मेलं, किंवा आजारी होतं. कच्चं दूध प्यायलोय किंवा नाही. गोचीड, उंदीर, कुत्रा, पुराचं पाणी यातलं अमुक झालं. घाबरून किंवा लाजून लपवू नका, बायांनी विशेष करून, कारण शेण काढणं, वासरू पाजणं, धार हे सगळं त्या करतात आणि केस पेपरवर धंदा म्हणून "गृहिणी" लिहिलं जातं. तिथं "गोठ्यात काम" असं लिहायला सांगा.

जनावरांच्या डॉक्टरना घरातला ताप सांगा. आणि एकाच गल्लीत तीन-चार घरांत ताप आणि जनावरंही आजारी असं दिसलं तर आशाताईंना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला एकाच दिवशी कळवा, दोघांनाही एकमेकांचा नंबर द्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२, माणसांच्या अँब्युलन्ससाठी १०८. दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, धार काढणाऱ्याला आणि म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतील असे.